शेपूटतुटक्या कोल्ह्याची बाजू

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)

‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ही म्हण मराठी माणसाला कुणी शिकवावी लागत नाही. अजाणत्यांच्या घोळक्यात थोडंफार जाणणारा मिरवू लागला, की ती आपसूक तोंडी येते. हसू येतं आणि विषय संपतो. त्या गाईकडे मात्र कुणी पाहत नाही. ती लंगडी कशानं झाली? वासरांतच का राहिली? बाकीच्या गाई सकाळी गुराख्यामागे रानात गेल्या, हिला तेवढं चालवेना म्हणून ही मागे राहिली, असा साधा अर्थ लावता येतो. म्हणजे दिवसभर वासरांना सोबत हिचीच. म्हणीनं तिच्या लंगडेपणाची नोंद घेतली, सोबतीची घेतली नाही.

आपल्या गोष्टींमधून असे लंगडे, आंधळे, पंख जळालेले, शेपूट तुटलेले प्राणी पुष्कळ आहेत. लहानपणी ऐकलेली ही पात्रं आपल्या मनात घर करून बसतात आणि पुढे माणसांकडे बघायची नजर त्यांच्याकडूनच आपण उसनी घेतो. म्हणून या पात्रांचा इतिहास थोडा तपासून पाहायला हवा.

नागपूरहून भंडाऱ्याकडे निघालं, की भंडाऱ्याच्या अलीकडे महामार्गावर शहापूर लागतं. जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी, आणि आजूबाजूला धानाचा मुलूख. या झाडीपट्टीत काय किंवा उरलेल्या महाराष्ट्रात काय, गुरांना त्यांच्या व्यंगावरून हाक मारायची रीत जुनीच आहे. एका डोळ्यानं अधू तो काणा, शिंगं नसलेला मुंडा, शेपूट तुटलेला बांडा, पाय ओढणारा लंगडा. यात दुष्टावा नसतो, ओळख पटावी एवढाच हेतू असतो. पण तीच हाक शाळेच्या पटांगणात एखाद्या मुलाला चिकटली, की ती जन्मभर सुटत नाही. आणि पोलिओचा तो काळ फार दूरचा नाही. आपल्या देशात पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आज जे चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांच्या वर्गात कॅलिपर लावून येणारं एखादं मूल होतं. गुरुजी गोष्ट सांगायचे, तेव्हा ते मूलही ती ऐकत होतं. त्याला काय ऐकू आलं असेल?

पंख जळालेला संपाती

सगळ्यात जुन्या पात्रांपैकी एक आहे रामायणातल्या किष्किंधाकांडातला संपाती. जटायू सर्वांना ठाऊक असतो, त्याचा हा थोरला भाऊ मात्र विसरला जातो. तरुणपणी दोघे भाऊ सूर्याकडे झेपावले. उन्हानं जटायू कासावीस झाला, तेव्हा संपातीनं आपले पंख पसरून त्याला झाकलं. जटायू वाचला, संपातीचे पंख जळाले आणि तो विंध्य पर्वतावर कोसळला. पुढची कितीतरी वर्षं तो उडू शकला नाही. त्याचा मुलगा सुपार्श्व त्याला अन्न आणून घालत असे.

सीतेचा शोध करत निघालेले वानर समुद्राकाठी हताश होऊन प्राण सोडायला बसले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात जटायूचं नाव आलं. ते ऐकून संपाती कड्यावरून त्यांना म्हणाला, मला खाली यायचं आहे, पण पंख नाहीत, तुम्ही उतरवून घ्या. अंगदानं त्याला उतरवलं. मग संपातीनं आपल्या गिधाडाच्या लांब नजरेनं शंभर योजनांवरची लंका पाहिली आणि सीता कुठे आहे ते सांगितलं. रामायणाचा पुढचा सगळा प्रवास या एका माहितीवर उभा आहे. ती देणारा उडू न शकणारा पक्षी होता.

इथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. संपातीचं अपंगत्व हे पापाचं फळ म्हणून आलेलं नाही, भावाला वाचवताना आलेलं आहे. जे गेलं त्याची भरपाई त्यानं केली नाही, जे शाबूत होतं ते वापरलं: पंख गेले होते, नजर होती. आणि मदत मागताना त्याला कमीपणा वाटला नाही. अर्थात, शेवटी एका ऋषीच्या भाकितानुसार त्याला नवे पंख फुटतात. हा शेवट मुलांना फार आवडतो. पण ज्या मुलाचा पाय पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही, त्यानं या शेवटाचं काय करायचं? गोष्टींच्या इतिहासातला हा प्रश्न इथेच सुरू होतो. चांगलं काम केल्याचं बक्षीस म्हणून व्यंग नाहीसं होतं, हा साचा पुढे जगभरच्या गोष्टींत दिसतो.

विष्णुशर्म्याचा वर्ग

पंचतंत्र आपण प्राण्यांच्या गोष्टींचं पुस्तक म्हणून वाचतो, पण त्याची सुरुवात एका शाळेपासून होते. दक्षिण देशातल्या महिलारोप्य नगरीत अमरशक्ती नावाचा राजा होता. त्याची तीन मुलं अभ्यासात इतकी मागे, की त्यांना कुणी शिकवू शकेना. व्याकरणालाच बारा वर्षं लागतात, मग पुढची शास्त्रं, असा हिशेब दरबारात मांडला गेला. तेव्हा ऐंशी वर्षांचे विष्णुशर्मा पुढे आले. सहा महिन्यांत मुलांना तयार करतो, असं वचन त्यांनी दिलं आणि राजानं देऊ केलेली जमीन-जुमल्याची देणगी नाकारली. त्यांनी मुलांना बदलायचा खटाटोप केला नाही, शिकवायची पद्धत बदलली. सिंह, कोल्हे, कावळे आणि कासवं यांच्या तोंडून राजनीती सांगितली.

आजच्या भाषेत बोलायचं, तर मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळी अध्यापनपद्धती वापरल्याची ही फार जुनी कथा आहे. ही मुलं इतिहासात खरोखर होऊन गेली की नाही, हा मुद्दा नाही. प्राण्यांच्या गोष्टींचं आपलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक, ज्यांना ‘यांना काही येणार नाही’ म्हणून बाजूला ठेवलं होतं अशा मुलांसाठी रचलं गेलं, असं ते पुस्तकच सांगतं. सहाव्या शतकात ते इराणच्या खुस्रो राजाच्या काळात पहलवी भाषेत गेलं, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं त्याचं अरबी रूप केलं आणि तिथून ते युरोपात पोचलं. जगानं ते राजनीतीचं पुस्तक म्हणून घेतलं. त्या तीन मुलांचा पत्ता मात्र प्रस्तावनेतच राहिला.

याच पुस्तकाच्या दुसऱ्या तंत्रात मंथरक नावाचं कासव आहे. लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर आणि चित्रांग हरीण हे त्याचे मित्र. एकदा हरीण फासात अडकतं. उंदीर फास कुरतडत असताना मैत्रीपोटी कासवही हळूहळू चालत तिथे येतं. मित्र त्याला म्हणतात, तू कशाला आलास? शिकारी आला तर आम्ही पळू, उडू, बिळात शिरू, तू काय करशील? आणि तसंच होतं. शिकारी येतो, बाकीचे निसटतात, कासव सापडतं.

आता पुढे काय व्हावं? इसापाच्या गोष्टीतलं कासव चिकाटीनं एकटं चालत राहून सशाला हरवतं. मंथरकाला मात्र शर्यत जिंकायची नाही, आणि तो जिंकूही शकत नाही. त्याचे मित्र बेत रचतात. हरीण तळ्याकाठी मेल्यासारखं पडतं, कावळा त्याला टोचा मारण्याचं सोंग करतो, शिकारी कासव टाकून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर दोर कुरतडतो आणि कासव पाण्यात शिरतं. कासव संथ होतं ते संथच राहिलं. बदलला तो मित्रांचा बेत.

ही दोन कासवं म्हणजे दोन वेगळे विचार आहेत. ग्रीक कासव सांगतं: तू जिद्द धर, जग जिंकशील. आपलं कासव सांगतं: तू ये, सुटकेचं आपण मिळून बघू. शाळांत आपण पहिलं कासव भिंतीवर रंगवलं. दुसरं पुस्तकातच ठेवलं.

आंधळ्या गिधाडावरचा खटला

सगळ्याच जुन्या गोष्टी इतक्या उदार नाहीत. नारायण पंडितांच्या हितोपदेशात जरद्गव नावाचं म्हातारं गिधाड आहे. नखं झिजलेली, डोळे गेलेले. गंगेकाठच्या एका मोठ्या झाडाच्या ढोलीत ते राहतं. त्या झाडावरचे पक्षी दया येऊन आपल्या घासातला घास त्याला देतात आणि ते त्यांच्या पिलांची राखण करतं. इथवर व्यवस्था मोठी छान आहे. दान आणि काम, दोन्ही बाजूंनी देवघेव आहे.

मग दीर्घकर्ण नावाचं मांजर येतं. पिलं ओरडतात, आंधळं गिधाड विचारतं, कोण आहे? मांजर आपल्या व्रतांच्या आणि धर्माच्या गोष्टी सांगून त्याचा विश्वास मिळवतं, ढोलीत मुक्काम करतं आणि रोज पिलं आणून खातं. पक्षी शोध घेऊ लागल्यावर मांजर पळून जातं. ढोलीत हाडं सापडतात आणि सगळे मिळून गिधाडाला ठार मारतात. ज्याचं कुळशील ठाऊक नाही त्याला आसरा देऊ नये, असं तात्पर्य निघतं.

पण गोष्ट नीट वाचली तर गिधाडाच्या बाजूनं बरंच बोलता येतं. पिलं ओरडताच त्यानं हटकलं होतं, म्हणजे कानांनी जमेल तेवढी राखण त्यानं केली होती. डोळे नसलेल्याला पहाऱ्यावर बसवताना पाखरांनी त्याच्या जोडीला डोळस सोबती दिला नाही. आणि शेवटी त्याचं म्हणणं एकानंही ऐकून घेतलं नाही. पुरावा त्याच्या घरात होता, तो त्याला दिसत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. मुलांना ही गोष्ट सांगून झाल्यावर ‘गिधाडाचं काय चुकलं?’ असं न विचारता ‘पाखरांचं काय चुकलं?’ असं विचारून पाहावं. उत्तरं ऐकण्यासारखी येतात.

मराठीच्या आरंभकाळातली एक आठवण इथे सांगायला हवी, कारण तिचं भंडाऱ्याशी नातं आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी भंडाऱ्यात आले होते, आणि त्यांचे शिष्य नीळभट्ट हे ‘भांडारेकार’ म्हणूनच महानुभाव पंथात ओळखले जातात. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात एक ससा आहे. पारधी आणि कुत्री मागे लागलेली, ससा धावत येतो आणि स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी तो मागतात, स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला सोडायचं नसतं, एवढंच त्यामागचं कारण. सशानं आधी काही करून दाखवलं नव्हतं. त्याच्या उपयोगाचा हिशेब कुणी मांडला नाही. तो दमला होता आणि आसऱ्याला आला होता, तेवढं पुरलं. प्राण्यांच्या गोष्टींत हे विरळा आहे.

इसाप मराठीत आला

छापील मराठी पुस्तकांच्या अगदी सुरुवातीलाच इसाप आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०६ च्या सुमारास आपल्या छापखान्यात ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक छापवलं. सख्खण पंडितांनी केलेलं ते इसापकथांचं मराठी रूप. पुढे श्रीरामपूरला वैजनाथशर्म्यांनी केलेला हितोपदेश मोडी लिपीत निघाला. मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळात शाळापुस्तकं तयार करणारी मंडळी स्थापन झाली आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तकं दिली. मराठी मुलांची पहिली क्रमिक वाचनं अशी प्राण्यांच्या तोंडूनच झाली.

इसापकथांत दोन पात्रं आपल्या विषयाची आहेत. एक एकडोळी हरिणी. जमिनीकडून धोका येईल म्हणून ती चांगला डोळा जमिनीकडे आणि अधू डोळा समुद्राकडे करून चरत असते. नावेतून जाणारे लोक समुद्राकडूनच तिच्यावर बाण सोडतात. दुसरा शेपूट तुटलेला कोल्हा. सापळ्यातून सुटताना त्याची शेपटी तुटते. लाज वाटून तो इतर कोल्ह्यांना शेपट्या कापून टाकायचा सल्ला देतो आणि सगळे त्याला हसतात.

या गोष्टींनी चतुराई शिकवली, यात शंका नाही. पण कोल्ह्याचं वागणं दुसऱ्या बाजूनंही पाहता येतं. तो शेपट्या कापायला का सांगत होता? सगळ्यांत एकटाच वेगळा दिसणं त्याला सोसवत नव्हतं म्हणून. हसणाऱ्यांपैकी एकानंही असं म्हटलं नाही, की अरे, सापळ्यातून जिवंत सुटलास, हेच मोठं! रानात सापळा कुठे आहे हे त्या कळपात फक्त त्यालाच ठाऊक होतं. ही माहिती त्याला कुणी विचारली नाही.

गंमत अशी, की ग्रीकांच्या परंपरेत खुद्द इसाप कसा होता? तो गुलाम होता असं सांगतात, आणि त्याचं जे जुनं चरित्र मिळतं, त्यात तो कुरूप, बेढब आणि सुरुवातीला मुका होता, नंतर देवीच्या कृपेनं त्याला वाचा आली, असं वर्णन आहे. हे चरित्र दंतकथेसारखंच आहे, इतिहास म्हणून ते घेता येणार नाही. पण प्राण्यांना बोलकं करणारा माणूस स्वतः आधी मुका होता, असं लोकांना वाटावं, यात काहीतरी अर्थ आहे.

छत्र्यांची पुस्तकं आली तेव्हा अंध किंवा कर्णबधिर मुलांना महाराष्ट्रात शाळेचं दार उघडलेलं नव्हतं. मुंबईत अशा शाळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. म्हणजे गोष्टीतल्या आंधळ्या गिधाडाची ओळख शिकलेल्या मुलांना आधी झाली, शेजारच्या घरातल्या अंध मुलाशी एका बाकावर बसायची वेळ पुष्कळ उशिरा आली.

नव्या गोष्टीतली पात्रं

विसाव्या शतकात गोष्टीचा सूर बदलला. अमेरिकेत १९३९ साली एका मोठ्या दुकानासाठी रॉबर्ट मे यानं लाल नाकाच्या रेनडिअरची, रुडॉल्फची गोष्ट लिहिली. १९४१ साली डिस्नेचा डम्बो पडद्यावर आला, प्रचंड मोठ्या कानांचा हत्तीचा बछडा. २००३ साली नीमो हा एक पर लहान असलेला मासा आला. हे चित्रपट आपल्याकडच्याही घराघरांत पोचले.

या गोष्टींमध्ये पात्रांचा एक ठरलेला संच असतो. पहिलं पात्र, हसणारा कळप. दुसरं, आई किंवा बाप, जे एक तर भांडतात, नाही तर काळजीनं लेकराला कुठे जाऊच देत नाहीत. डम्बोची आई त्याला चिडवणाऱ्यांवर धावून जाते आणि कोंडली जाते. नीमोचा बाप त्याला एकटं पोहूही देत नाही. तिसरं पात्र, एखादा मित्र, बहुधा आकारानं लहान किंवा स्वतःच कशात तरी अधू. डम्बोला उंदीर भेटतो, नीमोच्या बापाला विसरभोळी डोरी. आणि चौथं पात्र म्हणजे संकट. ते आल्याशिवाय नायकाची किंमत कळत नाही.

या चौथ्या पात्रापाशी थोडं थांबायला हवं. रुडॉल्फला कळपात मान कधी मिळतो? धुक्याच्या रात्री त्याच्या चमकत्या नाकाचा उपयोग होतो तेव्हा. धुकं पडलंच नसतं तर? मग तो जन्मभर बाहेरच राहिला असता. म्हणजे जिंकून दाखव, मग आमचा. अशा गोष्टी ऐकणाऱ्या अपंग मुलावर एक न बोललेलं ओझं पडतं. शेजारच्या मुलानं नुसतं शाळेत यायचं, यानं मात्र विजेता होऊन यायचं.

नीमोची गोष्ट या बाबतीत पुढे गेलेली आहे. शेवटपर्यंत त्याचा पर लहानच राहतो. मासेमारीच्या जाळ्यात सापडलेल्या माशांना तो सांगतो, सगळे मिळून खाली पोहा, आणि जाळं तुटतं. पंचतंत्रातली चित्रग्रीवाची कबुतरं आठवतात ना? त्यांनीही सगळ्यांनी मिळून जाळ्यासकट उड्डाण केलं होतं. दीड-दोन हजार वर्षांनी दुसऱ्या टोकाला तीच युक्ती पुन्हा सुचली.

साहेबरावाचं पाऊल

आता गोष्टीतून बाहेर येऊ. कारण आपल्या विदर्भात, शहापूरपासून फार लांब नाही अशा नागपुरात, असा एक खराखुरा प्राणी होता ज्याच्याकडे सगळ्या देशाचं लक्ष लागलं. साहेबराव नावाचा वाघ. २०१२ साली चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबाच्या परिसरात शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यात त्याचा पुढचा डावा पंजा अडकला. जीव वाचला, पण पंजाची बोटं गेली. त्याला नागपूरला आणलं, आणि पुढे तो गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात राहिला. लंगडत चालायचा, वेदनाही होत्या. नागपूरचे अस्थिरोग शल्यविशारद डॉ. सुश्रुत बाभूळकर यांनी त्याला दत्तक घेतलं. पशुवैद्यकांच्या मदतीनं आधी त्याच्या वेदनेवर शस्त्रक्रिया झाली आणि जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पाऊल बसवण्यात आलं. वाघाच्या बाबतीत असा प्रयत्न जगात पहिलाच मानला गेला.

भूल उतरल्यावर साहेबरावानं ते पाऊल झटकून काढून टाकलं.

बातमी आली तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. गोष्टीचा शेवट बिघडला असं वाटलं. पण प्रयत्न वाया गेला असं म्हणता येत नाही. त्याचं दुखणं कमी करायला माणसं झटली, हे मोलाचं होतंच. आणि वाघानं आपलं मत स्पष्ट दिलं, हेही तितकंच मोलाचं होतं.

याच्या शेजारी फ्लोरिडातल्या विंटर या डॉल्फिनची कथा ठेवून पाहा. डिसेंबर २००५ मध्ये खेकडे पकडायच्या सापळ्याच्या दोरात ती अडकली आणि तिची शेपटी गेली. ती आडवी हालचाल करत पोहू लागली, पण त्यानं पाठीच्या कण्यावर ताण येत होता. तज्ज्ञांनी तिच्यासाठी कृत्रिम शेपटी तयार केली, ती तिनं सवयीनं स्वीकारली. त्यासाठी शोधलेलं मऊ अस्तर पुढे पाय गमावलेल्या माणसांच्याही कामी आलं. तिच्यावर मुलांचं पुस्तक निघालं, २०११ साली चित्रपट आला. २०२१ च्या नोव्हेंबरात ती गेली.

विंटरनं शेपटी घेतली, साहेबरावानं पाऊल टाकलं. एक जिंकली आणि एक हरला, असा याचा अर्थ नाही. साधन वापरणाऱ्याच्या जगण्याला ते जुळलं पाहिजे, एवढाच धडा आहे. माणसांच्या बाबतीत हे जयपूरला १९६८ साली कळलं होतं. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट लोकांनी का आपलासा केला? तो लावून उकिडवं बसता येतं, मांडी घालता येते, अनवाणी चालता येतं, चिखलात उतरता येतं. परदेशी बूटवाला पाय घालून हे जमत नव्हतं. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

सापळा कोणी लावला?

आता या सगळ्या पात्रांना एका रांगेत उभं करा. इसापाच्या कोल्ह्याची शेपटी सापळ्यात गेली. चित्रांग हरीण फासात अडकलं. नीमोच्या मित्रांवर जाळं पडलं. विंटरला दोरानं आणि साहेबरावाला लोखंडी जबड्यानं धरलं. आपण गोष्ट सांगतो ती प्राण्याच्या जिद्दीची. सापळा लावणाऱ्याचं नावही त्यात नसतं. वास्तविक अपंगत्वावर मात करायची गोष्ट सांगताना हा प्रश्न पहिला यायला हवा. ज्या शाळेला उतार नाही, पायऱ्याच आहेत, तिथे चाकाच्या खुर्चीतल्या मुलानं कशावर मात करायची? स्वतःच्या पायांवर, की त्या पायऱ्यांवर?

आपल्या कायद्यानं हा प्रश्न थोडा थोडा मान्य केला. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी पहिला व्यापक कायदा झाला. २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, आणि पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकारांची अपंगत्वं मान्य झाली. कायद्याच्या नावात ‘हक्क’ हा शब्द आहे, ही मोठी गोष्ट. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. एवढ्या माणसांना दया नको आहे आणि दररोज टाळ्याही नको आहेत. त्यांना बसमध्ये चढता यायला हवं, वर्गात बसता यायला हवं आणि कुणी नावानं हाक मारायला हवी, व्यंगानं नव्हे.

मग जुन्या गोष्टी टाकून द्यायच्या का? मुळीच नाही. जरद्गव, कोल्हा, संपाती यांना घरातून घालवलं तर मुलं गरीब होतील. गोष्ट तीच सांगावी, फक्त तात्पर्याची घाई करू नये. गोष्ट संपल्यावर थांबावं. सगळे कोल्हे हसले तेव्हा त्या कोल्ह्याला कसं वाटलं असेल, हे मुलांना विचारावं. कासवाला सोडवायला तू त्या मित्रांत असतास तर काय केलं असतंस, हे विचारावं. वर्गात पाय ओढत चालणारं किंवा जाड भिंगाचा चष्मा लावणारं एखादं मूल असेल, तर ते या वेळी आपल्याकडे लक्ष देऊन बघत असतं. गोष्टीतल्या प्राण्याचं काय होतं यावरून, या वर्गात आपलं काय होणार, याचा ते अंदाज घेत असतं.

आणि पुढच्या वेळी ‘वासरांत लंगडी गाय’ असं कुणी म्हणालं, तर इतकंच म्हणावं: बरोबर आहे. बाकीच्या सगळ्या चरायला गेल्या होत्या, तेव्हा वासरांजवळ तीच होती.